आईशेजारची जागा

कमलाकरनं मरायची तयारी इतकी चोख केली होती, की आता फक्त मरणच काय ते बाकी होतं. दफनभूमीत आईच्या कबरीला लागून एकच जागा मोकळी होती. तिथं त्यानं खड्डा खणून घेतला, चारी बाजूंनी विटांच्या भिंती बांधल्या, आतून गुळगुळीत गिलावा करून चुना मारला, वर शहाबादी फरश्या टाकल्या आणि त्यावर स्वतःचं नाव रंगवलं. जन्मतारीख घातली, रेघ मारली, पुढची जागा कोरी ठेवली.

हीच जागा मोठ्या भावाला, जोतिरामलाही हवी होती. त्यावरून अबोला पडला. दोघांची घरं सोलापुरात, भवानी पेठेत, एकाच बोळात. एक दारात आला की दुसरा आत जायचा. "जित्तेपणी एका बोळात मावंनात, मेल्यावर कुटं मावायचे," असं राजाबाई म्हणायची. राजाबाई चर्चच्या मंडळीतली सगळ्यात म्हातारी. तिचे गुडघे गेले होते, तोंड शाबूत होतं.

आता मंडळीचा नियम असा, की भावाशी अबोला असेल तर आधी समेट करायचा, मगच प्रभुभोजनाची भाकरी घ्यायला उठायचं. जोतिरामनं नियम पाळला. भाकरीचं ताट निघालं की तो मागच्या बाकावर मान खाली घालून बसून राहायचा, इतकी वर्षं. कमलाकर मात्र दर महिन्याला सगळ्यांच्या आधी पुढं. त्याचं म्हणणं, भांडण जोतिरामनं काढलं, उपासही त्यानंच काढावा.

यंदा जोतिरामच्या किडन्या गेल्या. अंग सुजलं. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, हेमावतीला, बाजूला घेऊन काय ते सांगितलं, आणि उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, ती कमलाकरच्या दारात येऊन उभी राहिली.

"भावजी, ह्यांना ईस्टरला प्रभुभोजन घ्यायचंय. एकदा येऊन बोला की. दोन शब्द."

"जागेचं काय म्हणतोय?"

"जागेचं काय न्हाई. भाकरीचं म्हणतात."

"वैनी, मी त्याला लहानपणापास्नं वळखतो. आज भाकरी मागंल, उद्या जागा."

हेमावती निघून गेली. कमलाकर ईस्टरच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत बसला.

ईस्टरला उजाडायच्या आत सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत जाते. तिथं गाणी, वाचन, मग देवळात, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजन. पुढं उजेड धरायचा मान कमलाकरचा. त्याच्याकडं मोठी बॅटरी होती, आणि तिचा झोत तो लोकांच्या पायापेक्षा स्वतःच्या बांधकामावर जास्त पाडायचा. आदल्या संध्याकाळी तर त्यानं फरश्या काढूनच ठेवल्या होत्या. उजाडल्यावर आतला ताजा चुना लोकांना दिसावा म्हणून.

सगळे जमले. तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. चादर पांघरलेला जोतिराम हेमावतीच्या आधारानं उतरला. "कमल्या आलाय का?" त्यानं विचारलं.

कमलाकरनं ऐकलं. आणि अख्ख्या मंडळीला उजेड दाखवणाऱ्या त्या माणसानं बटण दाबून बॅटरी विझवली. अंधारात तो हळूच मागं सरकला. आणखी मागं. मग पायाखाली जमीनच नव्हती.

पाळकसाहेब नेमके येशूच्या रिकाम्या कबरीचं वाचत होते. तेवढ्यात जमिनीतून आवाज आला, "मला वर काढा."

पुनरुत्थानावर जन्मभर प्रवचनं केलेले पाळकसाहेब दोन कबरी ओलांडून पळाले. त्यांच्यामागं गाणारी पोरं, त्यांच्यामागं पेटीवाला, पेटी सोडून. मेणबत्त्या विझल्या. राजाबाईला पळता येईना म्हणून ती उभी राहिली.

"कुणातला हाय रे तू?" तिनं जमिनीला विचारलं.

"कमलाकर."

"कधी मेलास?"

"मेलो न्हाई. पडलोय."

"मग पड गप. माणसं आणते," म्हणत ती लंगडत फाटकाकडं निघाली.

कमलाकरचा घोटा मुरगळला होता, बॅटरी फुटली होती, डोळ्यांत चुना गेला होता. धरायला कुठं खाच नव्हती. गवंड्याला त्यानंच बजावलं होतं, पाल चढता कामा नये. हौसेनं बांधलेल्या जागेत तो पहिल्यांदाच पडला होता. आईच्या बाजूला त्यानं हात लावून बघितला. वीट लागली.

वर कुणाला तरी धाप लागली होती.

"कमल्या."

तो श्वास रोखून पडला.

"लपाछपीतबी असाच घावायचास. कशी हाय जागा?"

"अरुंद हाय, दादा." बऱ्याच वर्षांनी तो शब्द तोंडातून निघाला.

"आई?"

"मधी भिंत हाय."

जोतिराम कडेला बसला. "तुला वर काढायचं बळ न्हाई माझ्यात. बसतो हितंच."

"तू घे ही जागा."

"जागा कुणाला पायजे? मला भाकरी घ्यायची होती. तू बोलल्याबिगर घेता येत न्हाई."

"मी घेत हुतो की."

"व्हय. मागनं बघायचो मी. वाटायचं, आता कमल्या वळून बघंल."

खालून नाक ओढल्याचा आवाज आला.

"मी चुकलो, दादा."

"व्हय. मीबी."

उजाडता उजाडता माणसं परत आली. जोतिरामची चादर खाली सोडून त्यांनी कमलाकरला ओढून काढलं. चादर सोलापूरची, सूत हललं नाही. देवळात चुन्यानं पांढराफटक झालेला कमलाकर जोतिरामला हाताला धरून पुढं घेऊन गेला, त्याला उभं केलं आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसला. जोतिरामला घास लवकर गिळेना. सगळे थांबले. घास तोंडात धरूनच त्यानं एकदा मागं वळून बघितलं.

पाऊस सुरू व्हायच्या आत जोतिराम गेला.

कमलाकरनं आपली जागा त्याला दिली, पण खड्डा कमलाकरच्या काटकुळ्या अंगाच्या मापानं बांधलेला. जोतिराम सुजलेला, शवपेटी रुंद. ती भिंतींवर अडकून बसली. खालीही जाईना, वरही येईना. पाळकसाहेब लांबूनच म्हणाले, "तिरकी करून बघा." तिरकी कशी होणार? शेवटी जोर लावून ती वर काढली. हेमावतीनं तोंडावर पदर घेतला.

कमलाकरनं घण मागवला, कोट काढला आणि स्वतः खाली उतरला. सोलापूरचं भर दुपारचं ऊन थेट खड्ड्यात पडलं होतं, लपायला सावली नव्हती. सगळ्यांच्या देखत त्यानं आईच्या बाजूची भिंत फोडली. विटा वर दिल्या. पलीकडची भुसभुशीत माती घसरून खाली पसरली.

"झाडून घे की ती," वरून कुणीतरी म्हणालं.

"राहू द्या," तो म्हणाला.