आठव्या महिन्यातली भीती

बारामतीच्या कॉलेजात मी अकरा वर्षं मानसशास्त्र शिकवतेय. त्यातला माझा आवडता तास परक्या माणसाच्या भीतीचा. अनोळखी माणसाला आपण का घाबरतो, याची उत्तरं काळागणिक कशी बदलली, ते मी सांगते. कुणी म्हटलं, ही भीती रक्तातच असते. मग कुणी म्हटलं, मूल कोऱ्या पाटीसारखं जन्मतं, भीती त्यावर मोठी माणसं लिहितात. पुढे काही जण पाळण्यापाशी बसून नीट बघू लागले, तेव्हा कळलं की कुणाच्याही कडेवर जाणारं बाळ आठव्या महिन्याच्या आसपास नवा चेहरा बघून रडायला लागतं.

एका वर्षी त्या तासाला स्वरूपा नावाची विद्यार्थिनी उठून म्हणाली, "मॅडम, हे माझ्या आजीला माहीत आहे."

तिची आजी कुशाबाई. इंदापूर तालुक्यातल्या कळसमध्ये चाळीस वर्षं सुईणपण केलेली. मला राहवेना. पुढच्याच बुधवारी मी स्वरूपाबरोबर कळसला गेले.

त्या आठवड्यात सगळ्यांच्या मोबाईलवर एक मेसेज फिरत होता. पोरं पळवणारी टोळी आलीय, फेरीवाल्यांच्या वेशात हिंडतेय. आम्ही एसटीतून उतरलो, तर समोरच पन्नासेक माणसं गोळा झालेली, काहींच्या हातात काठ्या. मधोमध चादरी विकणारा एक परगावचा माणूस. त्याला मराठी येत नव्हतं. शाळेपाशी एका लहान मुलीला त्याने बिस्कीट दिलं होतं, एवढंच कारण. त्याचं गाठोडं सोडून चादरी मातीत फेकलेल्या. आणि त्याची गचांडी धरून उभा होता स्वरूपाचा बाप, रविराज.

मी काय केलं? काहीच नाही. एका ट्रॅक्टरच्या आडोशाला उभी राहिले. तिथून पोलिसांना तेवढा फोन लावला. स्वरूपा मात्र घराकडे पळाली आणि आजीला घेऊन आली.

कुशाबाई सत्तरीच्या पुढच्या, बारीक अंगाच्या. त्या ओरडल्या नाहीत, कुणाच्या हातापाया पडल्या नाहीत. गर्दीतून वाट काढत आत गेल्या आणि त्या माणसाच्या पायाशी सरळ मातीत मांडी घालून बसल्या. त्याचा हात धरून त्यालाही खाली ओढलं. तो बसला, तसा गचांडी धरलेला रविराज ओणवा झाला. त्याला सोडावंच लागलं.

"रविराज, तू बी बस," त्या म्हणाल्या.

"आई, तू मधी पडू नगं. तुला ठावं न्हाय कोण हाय ह्यो."

"तुला तरी कुठं ठावं हाय? आठ म्हैन्याचा व्हतास, तवा मामाला बघून असाच थरथरला व्हतास. मामा काय चोर व्हता व्हय?"

कुणी हसलं नाही. पण रविराज खाली बसला. मग कुशाबाईंनी एकेकाला नावानं हाक मारून बसायला सांगितलं. नागेश, राजवर्धन, अजित. त्यातल्या कित्येकांची नाळ त्यांनीच कापलेली. त्यांच्या हाकेला नाही म्हणणं कुणाला जमलं नाही. बघता बघता अर्धी गर्दी मातीत बसली. बसलेल्या माणसाच्या हातातली काठी आपोआप आडवी होते, हे मी त्या दिवशी पाहिलं.

त्यांनी पाणी मागवलं. आधी स्वतः प्यायल्या, मग तोच तांब्या चादरीवाल्याला दिला. अजितला हिंदी बरं यायचं. त्याने नाव विचारलं, गाव विचारलं. अर्ध्या तासाने पोलीस आले, कागद बघितले, वरिष्ठांशी बोलले. माणूस खरोखरच चादरी विकत फिरत होता. रविराजने एकेक चादर झटकून घडी घातली आणि मोटरसायकलवरून त्याला इंदापूरच्या स्टँडवर सोडून आला.

दुपारी ओसरीवर बसून मी कुशाबाईंना विचारलं, हे सुचलं कसं? त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं. भ्यालेल्या लेकराला पाव्हण्याच्या अंगावर कधी ढकलायचं नसतं, त्या सांगू लागल्या. पाव्हण्याने आधी खाली बसायचं, लेकराच्या डोळ्यांत बघायचं नाही. आईने त्याच्याशी दोन शब्द बोलायचे. लेकरू आईच्या मांडीवरून सगळं बघत असतं.

"पर ते रडतं ते चांगलंच की," त्या म्हणाल्या. "आपलं कोण ते कळाय लागलं म्हून रडतं. मन फुटतं त्याला, उसाच्या कांडीला डोळा फुटावा तसं. आमी साखर वाटायचो त्या दिशी."

ज्या गोष्टीवर विद्वानांनी ग्रंथ लिहिले, तिच्यासाठी या बाई घरोघर साखर वाटत होत्या. मी वही उघडली आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत लिहीत राहिले.

आता त्या तासाला मी कुशाबाईंचं नाव इतर अभ्यासकांच्या ओळीतच घेते. गेल्या परीक्षेत बऱ्याच मुलांनी ते उत्तरात लिहिलं. पेपर तपासणाऱ्या बाहेरगावच्या प्राध्यापकांचा मला फोन आला. या कुशाबाई कोणत्या विद्यापीठाच्या, त्यांचं पुस्तक कुठे मिळेल, असं विचारत होते. पुस्तक नाही म्हटलं. कळसची एसटी किती वाजता सुटते, ते सांगितलं.