लोवेलची पहिली फेरी

“बोल की लेका! बर्फ वितळून गेला सगळा,” बिअरच्या टबात हात घालत बर्नी म्हणाला.

पहिल्या फेरीतली पाळी लोवेलची होती आणि तो नावांच्या यादीवरून नुसतं बोट फिरवत होता. ऑगस्टअखेरच्या शनिवारी आम्ही बर्नीच्या गॅरेजमध्ये आपापले संघ निवडायला जमतो. पाळीपाळीने खऱ्या फुटबॉलपटूंची नावं घ्यायची, चेंडू हातात घेऊन पळायच्या आमच्या अमेरिकन फुटबॉलमधल्या. ते मैदानात कमावतील ते गुण आपले. जो तळाला जाईल त्याने जानेवारीत कोंबडीचा पोशाख चढवून बर्नीच्या पेट्रोल पंपावर गाड्यांच्या काचा पुसायच्या. ओहायोतल्या जानेवारीत कोंबडीसुद्धा खुराड्याबाहेर पडत नाही.

लोवेल शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करतो. त्याच्या अंगावर तो पोशाख कधी चढला नव्हता, कारण त्याचा एक नियम होता. चेंडू पोटाशी धरून धावणारा गडी, म्हणजे रनर, शेवटच्या फेऱ्यांपर्यंत घ्यायचा नाही. आधी सगळे झेलणारे. “रनर म्हणजे जुनी गाडी,” तो म्हणे. “घेतली की गॅरेजात. तुमचे लंगडायला लागले की मी कुणीच न घेतलेले उचलीन.” आणि ऑक्टोबरात नेमकं तसंच व्हायचं. तो स्वतः शाळेत रनर होता. त्याचा डावा गुडघा तिथेच कामातून गेला.

यंदा मात्र त्याचा मुलगा किगन एका मोठ्या व्यावसायिक संघाच्या सराव शिबिरात होता, आणि तोही रनर. लोवेलच्या आधी पाळी आलेल्यांनी बापाचा मान म्हणून त्याचं नाव घेतलं नव्हतं.

त्याच सकाळी किगनचा फोन आला होता. आम्हाला ते फार मागाहून कळलं.

“बाबा, गुडघा सुजलाय. इथे कुणाला बोललो नाही. मंगळवारी शेवटची निवड आहे.”

“जिना उतरताना दुखतो?”

“नाही.”

“खोटं बोलू नकोस.”

“कळलं तर घरी पाठवतील मला. कुणाला सांगू नका, बाबा. एवढं एकच.”

गॅरेजमध्ये ड्वाइट बसला होता. तो गावच्या रेडिओवर खेळाच्या बातम्या देतो. त्याच्या कानावर पडलं की जिल्हाभर झालं.

“काय रे लोवेल,” तो म्हणाला, “पोटचं पोर समोर असताना नियम धरून बसलास? की पोराला काही झालंय?”

सगळे हसले. लोवेलने टोपी काढली, परत घातली.

“किगन,” तो म्हणाला.

एकच कल्ला झाला. “बाप शेवटी बापच!” बर्नीने त्याच्या पाठीत धपाटा घातला. “गेला नियम खड्ड्यात!” मीही ओरडत होतो. लोवेलही हसला.

मंगळवारी किगनची मोठ्या संघात निवड झाली. दुसऱ्याच सामन्यात गुडघा गेला, तो कायमचा. सुरुवातीला थांबला असता तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. गावात गुडघ्यातलं ज्याला सगळ्यात जास्त कळत होतं, तोच गप्प बसला होता. मला त्याचा राग आला. त्याच्या जागी मीही गप्पच बसलो असतो, म्हणून जास्तच आला.

“अरे, काढ त्याला, दुसरा घे. नियमात बसतं,” बर्नी दर आठवड्याला सांगे.

“असू दे,” लोवेल म्हणे. त्याने किगनचं नाव काही काढलं नाही, आणि तो तळाला गेला.

जानेवारीत मी पंपावर पेट्रोल भरत होतो. लोवेल पिवळी पिसं लावून निमूट काचा पुसत होता. हॉर्न वाजवणाऱ्यांना हात करत होता. तेवढ्यात किगनची आई त्याला घेऊन आली. गाडीचं दार उघडून किगनने कुबड्या बाहेर काढल्या.

“बाबा, मला काढून टाकायचं होतंत ना.”

“आत बस. खाली बर्फ आहे, घसरशील.”

किगनने कुबड्या आत घेतल्या. लोवेलने त्याच्या बाजूची काच नीट पुसली, कडा फडक्याने कोरड्या केल्या. मग दुसरी बाजू पुसायला तो गाडीच्या पुढून निघाला. डावा पाय ओढत चाललेल्या त्या कोंबडीकडे गावातली पोरं बोट दाखवून हसत होती. किगन काचेतून त्याच्या पायाकडे बघत होता.