कातर न लागलेलं कापड

लुकोंगेच्या थोरल्या लेकीला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षी एप्रिलचा पाऊस अगदी वेळेवर आला आणि बापाच्या झाडाची साल उतरायला तयार झाली.

बापाचं झाड म्हणजे घरामागच्या केळीत उभं असलेलं मुतुब्याचं, वडाच्या जातीचं झाड. लुकोंगे रांगत होता तेव्हा बापाने ते लावलं. गावात असली झाडं पुष्कळ होती, पण याच्याइतकं सरळ आणि जाड दुसरं नव्हतं. त्याच्या सालीचं कापड कुटून एवढं रुंद होई की दोन माणसं हात पसरून शेजारी उभी राहिली तरी उरे. बाप गेला तेव्हा त्याला याच झाडाच्या कापडात गुंडाळलं होतं. त्या दिवशी लुकोंगेची आई फेरेसिता म्हणाली होती, "मलाही यातच. दुसरं काही घातलंत तर उठून बसेन."

तिच्या पेटीत एक कापड ठेवलेलंही होतं. पण आदल्या वर्षी तिचा थोरला मुलगा तिच्या आधी गेला, आणि तिने स्वतः पेटी उघडून ते कापड त्याच्या अंगावर घालायला दिलं. तेव्हापासून पेटी रिकामी होती. या वर्षीची साल आईची, हे लुकोंगेने मनात पक्कं केलं होतं.

साल काढायला मातोवू आला. दोघं पोरवयापासून जोडीने कुटत आलेले. मातोवूने खाली आणि वर सुरीने गोल चर पाडला, लुकोंगेने शिडीवर चढून एक उभा चर दिला. पुढे सुरीचं काम नसतं. केळीच्या दांड्याची पाचर सारत सारत साल सोडवायची. ती ओल्या कपड्यासारखी सुटून खाली आली. खोड पांढरंफटक, घामेजलेलं उभं राहिलं. ऊन लागायच्या आत दोघांनी त्याला केळीच्या पानांत गुंडाळून सोपटाच्या दोऱ्यांनी बांधलं.

"बाळंतिणीला बांधतात तसं बांधतोस," मातोवू म्हणाला.

"तू बोलू नकोस, गाठ मार."

मग छपरीत आडव्या ओंडक्यावर साल पसरून दोघं समोरासमोर बसले. आधी जाड खाचांची मोगरी, मग मध्यम, शेवटी बारीक. कुटता कुटता हातभर रुंदीची साल पसरत गेली. संध्याकाळच्या आत ती संपवावी लागते, वाळली की ऐकत नाही. खोडावर छातीच्या उंचीला जिथे जुनी फांदी मोडली होती, तिथे कापडात डोळ्याएवढं भोक राहिलं. मातोवूच्या बायकोने वळलेल्या ताडाच्या धाग्याने लुकोंगेने तिथे ठिगळ लावलं. उन्हात दगड ठेवून पसरलेलं कापड आठवडाभरात भाजलेल्या विटेच्या रंगाचं झालं.

त्याच आठवड्यात कंपालाहून नालुमान्सी आली. गेलेल्या भावाची ही मुलगी. शहरात सालीच्या कापडाचे कपडे करायची, आणि गावातल्या अर्ध्या छपऱ्यांतलं कापड तिच्याकडेच जायचं. तिने पँट घातलेली होती, तरी अंगणात येताच गुडघे टेकून काकाला नमस्कार केला.

"ताता, आलात का रानातून?"

"आलो. तू कशी वाट चुकलीस?"

ती कापडाकडे पाहत होती. उठली, कापडाच्या कडेने चालत गेली, हात पसरून मोजलं, पुन्हा मोजलं.

"मला हे हवंय," ती म्हणाली.

मातोवू खो खो हसला. "घ्या! जिवंत माणसं मढ्याचं कापड मागायला लागली."

"मी तुकडे जोडून जोडून कपडे करते, मातोवू काका. सगळेच तसे करतात. मला एकदा अख्ख्या कापडाचा झगा करायचाय. एकही तुकडा न पाडता. एवढं रुंद कापड दुसऱ्या कुठल्याच झाडाला येत नाही."

"हे जाजाचं, तुझ्या आजीचं आहे," लुकोंगे म्हणाला. "तुझ्या बापाने तिचं नेलं, आता तू नेणार?"

बोलल्यावर त्याला वाईट वाटलं, पण शब्द गेला तो गेला. नालुमान्सीने मान खाली घातली. "वर्षाने परत आणीन. कातर लावणार नाही."

त्या घराची एक रीत होती. झाडानेच पाडलेलं भोक शिवलेलं चालतं, पण कातर लागलेलं कापड मेलेल्या माणसाला घालत नसत.

"कातरीशिवाय झगा?" लुकोंगे म्हणाला. "शिवणार कशाने, फुंकर मारून?"

"घड्यांनी."

"शहरात राहून बोलायला शिकलीस."

ओटीवर चटईवर बसलेली फेरेसिता इतका वेळ शेंगा सोलत होती. तिला आता कमीच दिसायचं, ऐकू मात्र नको तेवढं यायचं. ती म्हणाली, "लुकोंगे, ते कापड कुणाचं?"

"तुझं, आई."

"मग तू कशाला भाव खातोस? घेऊन जा गं पोरी. मी काही उद्या मरत नाही."

"आई, पुढची साल यायला वर्ष लागेल."

"मग वर्षभर थांबते. झाडाला साल येते, मला काय धाड भरलीय?"

नालुमान्सीने कापड गुंडाळून डोक्यावर घेतलं आणि दुपारच्या गाडीने गेली. लुकोंगे तिला पोचवायला रस्त्यापर्यंत गेला नाही.

पाच-सहा दिवसांनी त्याने झाडाला बांधलेली पानं सोडली. खोडावर हिरवट, ओलसर कातडी धरू लागली होती. वर्षानुवर्षं तो हे पाहत आला होता, पण या वेळी तो रोज सकाळी जाऊन खोडाला हात लावू लागला. जून गेला, ऑगस्ट गेला. साल जाड होत होती. आई बारीक होत होती. दोन्ही हातांनी धरून खाणारी आई आता मातोकेचा, उकडून कुस्करलेल्या केळ्यांचा, घास मागे सारायची.

नाताळच्या चार दिवस आधी भर दुपारी तो मातोवूसोबत छपरीत मोगरीच्या खाचा साफ करत बसला होता. केळीतल्या पायवाटेवरून कुणीतरी येत होतं. आधी त्याला वाटलं, तांबडी माती अंगावर घेऊन कुणी चालतंय. मग कापड दिसलं.

नालुमान्सीच होती, तो झगा घालून. खांद्यावरून एक घडी खाली आली होती, ती कमरेपाशी वळून मागे गेली होती आणि पायांजवळ पन्हाळीतून पाणी पडावं तशी मोकळी झाली होती. ती चालली की कापडाचा रंग सावलीत काळपट आणि उन्हात तांबूस होई. आणि डाव्या बाजूला, बरोबर काळजावर, डोळ्याएवढं ठिगळ. त्याच्या हाताचे टाके.

लुकोंगेच्या हातातली मोगरी खाली पडली.

त्याने आयुष्यात किती कापडं कुटली याची मोजदाद नव्हती. गावातल्या सगळ्या मेलेल्यांना त्याने पांघरूण घातलं होतं. पण कुटलं, वाळवलं, दिलं, आणि ते मातीत गेलं. आपलं एकही कापड त्याने दुसऱ्यांदा पाहिलं नव्हतं. ते वाऱ्याने हलतं, त्याला पोट असतं, पाठ असते, हे त्याला ठाऊकच नव्हतं. आणि आता ते त्याच्या अंगणात चालत आलं आणि त्याच्यापुढे गुडघे टेकून म्हणालं, "ताता, कसे आहात?"

लुकोंगेने तिला हात धरून उठवलं.

"इकडे आण," ओटीवरून फेरेसिता म्हणाली. नालुमान्सी तिच्यासमोर बसली. म्हातारीने बोटांनी खांद्यापासून सुरुवात केली. एकेक घडी उलटून कडा चाचपली. "कातर नाही," ती शेवटी म्हणाली. मग कापडाला नाक लावून धूर आणि पावसाचा वास घेतला. "लहानपणी आम्ही हेच नेसायचो. नंतर फक्त मेल्यावर नेसायची रीत झाली. मला एकदा घाल बघू."

त्यांनी तिला उभं करून झगा चढवला. म्हातारी अंगणात सात-आठ पावलं चालली, एका हाताने मुलाला धरून.

"कसं दिसतंय?" तिने विचारलं.

"अगं, नवरी दिसतेस," मातोवू म्हणाला. "मी बायको सोडून येतो."

"तुझ्यासारखा नवरा मिळाला तर मेलेलीच बरी," फेरेसिता म्हणाली, आणि दमून बसली.

एप्रिलअखेर शहरातल्या मोठ्या प्रदर्शनात तो झगा दाखवायचा होता, म्हणून नालुमान्सी तो परत घेऊन गेली. जाताना म्हणाली, "तोवर झाडही तयार होईल, ताता." या वेळी लुकोंगे रस्त्यापर्यंत गेला.

पण त्या वर्षी मार्च कोरडा गेला. एप्रिल लागला तरी आभाळ नुसतं पांढरं. जुळ्या वर्षाच्या झाल्या, पावलं टाकू लागल्या, आणि फेरेसिताने अंथरूण धरलं. ती बोलायची थोडं, पण रोज विचारायची, "झालं का झाड?"

"होतंय, आई."

एका सकाळी लुकोंगे सुरी घेऊन झाडाकडे गेला. नखाने साल टोचली. चीक आला, पण जाड, आळसट. पाऊस पिऊन फुगलेली साल आपण होऊन सुटते. कोरड्यात काढली तर फाटते, खोडाला जखम होते, आणि मग ते झाड पुन्हा साल धरत नाही. मागून मातोवू आला होता.

लुकोंगेने सुरी खोडाला टेकवली. आईला दिलेला शब्द एका बाजूला होता आणि बापाचं झाड दुसऱ्या बाजूला. मध्ये काळजावर ठिगळ असलेला तो झगा त्याच्या डोळ्यांपुढे आला. पोरीने कडा न कापता वर्ष काढलं होतं. तिच्या शब्दावर आईने विश्वास ठेवला होता, त्याने मात्र ठेवला नव्हता.

त्याने सुरी खाली घेतली. "नालुमान्सीला फोन लाव," तो मातोवूला म्हणाला.

त्याच दिवशी दुपारी आई गेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने नालुमान्सी उतरली. प्रदर्शन तीन दिवसांवर होतं. तिने त्याचं नावही काढलं नाही. अंगणात चटई पसरली, त्यावर झगा उलटा टाकला आणि घड्या धरून ठेवणारा एकेक टाका सुईने उसवायला बसली. लुकोंगे शेजारी उकिडवा बसून पाहत राहिला. खांदा सुटला, कंबर सुटली. वळून आत गेलेलं कापड बाहेर आलं, त्यातून आणखी कापड आलं. तेवढ्याशा झग्यात एवढं कापड कुठे बसलं होतं, त्याला कळेना. शेवटचा टाका सुटला आणि अख्खं कापड चटईच्या चारी बाजूंनी बाहेर गेलं, एकसंध. चारही कडा त्याने कुटल्या तशाच. फक्त घड्यांच्या पुसट रेघा, आणि सुईची बारीक बारीक भोकं.

"ही भोकं राहिली, ताता," नालुमान्सी म्हणाली.

"ती माझ्याकडे."

त्याने तोंडात पाणी घेऊन कापडावर फवारलं. मातोवू समोर बसला. बारीक खाचांच्या मोगऱ्यांचा आवाज सुरू झाला, तसे मातीला आलेले लोक वळून पाहू लागले. मृताच्या अंगणात मोगरी वाजलेली कुणी ऐकली नव्हती. मोगरीखाली धागा धाग्याला मिळत गेला. एकेक भोक मिटत गेलं. घड्यांच्या रेघा मात्र गेल्या नाहीत, आणि लुकोंगेने त्या घालवल्या नाहीत.

नालुमान्सीने ठिगळ बरोबर आजीच्या काळजावर येईल असं कापड धरलं. लुकोंगेने गुंडाळलं.

नऊ दिवसांनी पाऊस आला. त्या हंगामात झाडाने चांगली साल दिली, आणि ते कापड नालुमान्सीने नेलं.

फेरेसिता एप्रिलच्या बावीस तारखेला, दुपारी वारली. ती सत्त्याऐंशी वर्षांची होती. तेवीस तारखेला तिला तिच्या नवऱ्याशेजारी पुरलं.