गेरूचा हात

जानकीबाईंनी पोलक्याची कड वर धरली आणि डॉक्टरीणबाई काही बोलायच्या आत स्वतःच सांगून टाकलं, "नागीण हाय."

उजव्या बरगडीखालून पाठीपर्यंत पाणी भरलेल्या फोडांचा पट्टा गेला होता. तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. युसूफ वडगावात तीस वर्षं नागिणीवर गेरूचा लेप देणारी बाई ती. पट्ट्याची दोन्ही टोकं गेरूनं बंद करायची, तोंड आणि शेपूट जुळू द्यायचं नाही, आणि कुणाकडून सुपारीसुद्धा घ्यायची नाही. पण हा हात आपला आपल्याला चालत नाही, अशी रीत. शेवटी मुलानं, बजरंगनं, मोटारसायकलवर बसवून केजच्या दवाखान्यात आणलं. औषध देणारीनं औषधासाठी दुसऱ्याच्या दारात बसावं, याची लाज दुखण्याहून थोडीच कमी होती.

"लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

"आल्त्या की. लिंबाच्या पाल्यावर निजवलं व्हतं आईनं."

"त्याच या. तेव्हा शरीरानं लढून त्यांना मागं रेटलं, पण त्या गेल्या नाहीत. मणक्याजवळच्या नसांत दडून बसल्या. इतकी वर्षं शरीर राखण करत होतं. आता वय झालं, साखर वाढली, शरीर दमलं. मग बाहेर पडल्या."

दमलं, एवढं मात्र जानकीबाईंना एकदम पटलं.

डॉक्टरीणबाई गोळ्या लिहिता लिहिता म्हणाल्या, "घरात कुणी गरोदर असेल तर तिला लांब ठेवा. या फोडांतलं पाणी लागलं आणि तिला आधी कांजिण्या येऊन गेलेल्या नसल्या, तर तिला कांजिण्या होऊ शकतात. गरोदरपणात त्या फार वाईट. कधी छातीत उतरतात."

"पाणी लागल्यावर किती दिसांनी येत्यात?"

"दोनेक आठवड्यांनी."

जानकीबाईंनी पोलकं खाली केलं. पुढचं काही त्यांच्या कानात शिरलं नाही.

चौदा वर्षांपूर्वी त्यांची लेक मंगल सातव्या महिन्यात माहेरी आली होती. आपल्यामागं लेकीनं हा हात चालवावा म्हणून त्यांनीच तिला एका रोग्यापुढं बसवलं, तिची बोटं धरून फोडांवर गेरू लावायला शिकवलं. पंधरा दिवसांनी मंगलला कांजिण्या आल्या. घरात देवी आली की तळण नाही, फोडणी नाही. आणि नव्यानं नांदायला आलेल्या सुनेनं, शिवकन्येनं, नेमकी त्याच दिवसांत वरणाला फोडणी दिली. चौथ्या दिवशी दुखणं छातीत उतरलं. मंगल गेली, पोटातलं लेकरूही गेलं. देवी कोपली, असं सगळ्या गावानं मानलं आणि खापर फुटलं ते शिवकन्येच्या डोक्यावर. तेव्हापासून जानकीबाईंनी सुनेला उठता-बसता टोचलं होतं. सणासुदीला तर चारचौघींत, ठरवून.

घरी आल्यावर बजरंग रानाकडं गेला. शिवकन्या दारात गवार निवडत बसली होती. ती उठून पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"आत्या, काय म्हणली डॉक्टरीण?"

वाटेत जानकीबाईंनी दहादा ठरवलं होतं, सांगायचं नाही. इतक्या वर्षांनी सांगून कुणाचं काय भलं होणार? मेलेली काही परत येत नाही. पण समोर तांब्या धरलेला होता आणि त्यांना तो घेववेना. त्या उंबऱ्यावरच बसल्या.

"शिवे, मंगल फोडणीनं गेली न्हाई. माझ्या हातानं गेली. त्या नागिणीचं पाणी लागलं तिला."

शिवकन्येनं तांब्या खाली ठेवला.

"ठावं हाय मला."

"कुणी सांगितलं?"

"तवाच कळलं. मंगलताईला ॲडमिट केलं तवा नर्सबाईनं इचारलं, घरात कुणाला नागीण झालती का. गेरू लावल्याचं मी सांगितलं. ती म्हणली, मग तिथूनच आलं आसंल."



"मग चौदा वर्सं बोलणी खाल्लीस, तोंड कावून उघडलं न्हाईस?"

शिवकन्या पुन्हा गवारीपाशी बसली. तिनं दोन-चार शेंगांचे दोरे काढले.

"पयल्या वर्सी दोनदा व्हटापतोर आलं. पन तुमी जेवत नव्हत्या, झोपत नव्हत्या. मला टोचून बोलायचं म्हनलं की तेवढ्यापुरत्या उठून बसायच्या. तेबी काढून घेतलं असतं तर तुमी वाचल्या नसत्या."

जानकीबाईंच्या कुशीत आग पेटली होती, पण त्यांनी तिथं हात नेला नाही.

"चुकलं गं माझं," त्या म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या.

"ऐकलं." शिवकन्येनं शेवटची शेंग मोडली. "पन म्या माफ केलंय असं समजू नगा. तसलं काय न्हाई." ती पदर झटकून उठली, दवाखान्यातून आणलेल्या पिशवीतलं गोळ्यांचं पाकीट काढून तिनं उजेडात धरून वाचलं. "दिसातून पाच येळा हाय. चला, आदी दोन घास खाऊन घ्या. उपाशीपोटी नगं."