यादीतलं खोटं नाव

मरोळच्या गावठाणात वेन आणि विनी हे नवराबायको जेवणाच्या ऑर्डरी घ्यायचे. आधी लग्नं, बाप्तिस्मे एवढंच होतं. मग औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्याही जेवण मागवू लागल्या. त्यांचा सगळा व्यवहार मेलवर चाले, म्हणून स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत कॉम्प्युटर आला.

एका लग्नात वेनला त्याच्या मावसभावानं, सेबॅस्टियननं, एक युक्ती सांगितली. मेलच्या पत्त्यांच्या यादीत सगळ्यात वर ‘एएएए’ असं खोटं नाव घालायचं, पत्ताही खोटाच. व्हायरस शिरला की पहिल्या नावापासून मेल पाठवायला लागतो. तो पत्ताच नसल्यामुळे तिथंच अडकतो, आणि मेल परत आला की आपल्यालाही कळतं.

वेननं घरी येऊन आधी ते काम केलं.

“तो पहिल्या नावापासूनच सुरू करतो हे कोणी सांगितलं?” विनीनं विचारलं.

“सेबॅस्टियनच्या ऑफिसात सगळे करतात.”

“करू देत. मागे सगळ्यांना मेल पाठवताना माझ्या मैत्रिणीचा, जोॲनचा पत्ता मी चुकीचा टाकला होता, तेव्हा तिचा एकटीचा मेल परत आला. बाकीच्यांना गेलाच ना? मग हा कसा अडकेल?”

“तू ना, पोलिसात जायला हवं होतंस.”

विनीला हसू आलं नाही. तिला खुपत होतं ते वेगळंच. त्या दिवसापासून वेन कुणाचाही मेल बिनधास्त उघडायचा. अँटिव्हायरसची मुदत संपल्याची सूचना यायची, ती न वाचताच बंद करायचा. म्हणायचा, आपला बंदोबस्त झालाय.

एका सकाळी तो खोलीतून ओरडला, “विनी, ये लवकर! परत आला बघ मेल!”

ती मसाल्याच्या हातांनीच आली. पडद्यावर लिहिलं होतं: तुमचा मेल पोहोचू शकला नाही. तपशिलासाठी सोबतची फाईल उघडा.

“कुणाला पोहोचला नाही?” तिनं विचारलं.

“एएएएला, अजून कुणाला?”

“पण तसं लिहिलंय कुठे? जोॲनचा परत आला तेव्हा वर तिचा पत्ता होता. इथे काहीच नाही. वेन, हात लावू नकोस. मला हा मेलच खोटा वाटतोय.”

“अगं, इशारा देणाऱ्यावरच संशय?”

ती हात धुवायला वळली तेवढ्यात त्यानं फाईल उघडली. एक काळी चौकट आली आणि मिटली. बाकी काही नाही. “बघ, काही झालं का?” वेन म्हणाला.

विनी तशीच परत आली. कॉम्प्युटरसमोरून हलली नाही.

पहिला फोन जोॲनचाच आला. “विनी, कसलं बिल पाठवलंस गं? फाईल उघडली तर कॉम्प्युटरच बंद पडला माझा.” मग एका कंपनीचा, मग दुसरीचा. विनीनं नेटची वायर उपटली, तोवर व्हायरसनं त्यांच्या नावानं यादीतल्या सगळ्यांना ते बिल पाठवलेलं होतं. त्यातच एक मेल खरोखर परत आला होता. एएएएचा, पूर्ण पत्त्यासकट.

“आला बघ परत,” वेन अगदी हळू म्हणाला.

“आला. सगळ्यांना पोहोचल्यावर.”

तिनं सेबॅस्टियनला फोन लावला. तो आधी इकडचं तिकडचं बोलला. विनीनं खोदून विचारलं तेव्हा कबूल झाला, की त्याच्या ऑफिसातही मागे एएएए असूनही असंच झालं होतं. “वेनला सांगणारच होतो गं, राहून गेलं.” ते राहून गेलं यावर तिचा विश्वास बसला नाही.

दुपारी वेन एकटाच माफी मागायला कंपन्यांमध्ये गेला. परत आला तेव्हा चेहरा उतरलेला होता.

“एका कंपनीत त्या वसुधा मॅडमनी चहा दिला. म्हणाल्या, जेवण तुमचंच घेऊ, पण मेल पाठवू नका, फोन करत जा.”

“आणि बाकीचे?”

“दोन ठिकाणी गेटवरूनच परत पाठवलं.”

ताटात भात वाढून तिनं ते त्याच्यापुढे सरकवलं, आणि राहिलेल्या गिऱ्हाइकांना फोन करायला लागली.