आलांग म्हणजे किती जणी

माझ्या दोन्ही सुनांचं एकमेकींशी फार पटतं, ही तक्रार कुणाकडे करायची तेच मला कळत नाही. भांडल्या असत्या तर मी मध्ये पडले असते, दोघींना चार शब्द सुनावले असते, घरात माझा रुबाब राहिला असता. पण त्या भांडतच नाहीत. पडद्यांना टिपा मारता मारता भाषांची तुलना करत बसतात.

थोरली संथाळी बोलत वाढली, धाकटी मलय. माझे मुलगे नोकरीसाठी दोन दिशांना गेले आणि येताना एकेक सून घेऊन आले. नाही म्हणायला मला वेळच मिळाला नाही, आणि आता विचाराल तर बरंच झालं. मराठी दोघींनी माझ्याकडून उचलली, माझ्या खोचक बोलण्यासकट. मुलगे सकाळी कामावर गेले की आम्ही तिघी पुढच्या खोलीत पडदे, अभ्रे आणि सोफ्याची कव्हरं शिवायला बसतो. त्यांची मशीनं विजेवर चालतात. माझं पायाचं आहे, लोखंडी, आणि जागा अडवण्यात कुणाला हार जाणारं नाही.

एकदा मला सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा धाकटी काळजीने म्हणाली, "आई, तुमची माता दुखते का?"

"माझी माता वर जाऊन जमाना झाला गं," मी म्हटलं.

मग उलगडा झाला, मलयमध्ये माता म्हणजे डोळा. थोरली ओरडली, "आमच्यात मेत्!" माता आणि मेत्. एकाच आजोळच्या निघाल्यासारख्या दोघी हरखल्या. पण पुढच्याच शब्दाला नातं तुटलं. पाण्याला थोरलीचं दाक्, धाकटीचं आयेर.

"झालं वेगळं बिऱ्हाड," मी म्हटलं, आणि तिघी हसलो.

सगळ्यात रंगली ती 'आपण'ची गोष्ट. धाकटी म्हणाली, तिच्या भाषेत 'किता' म्हणजे आपण, समोरच्याला धरून. 'कामी' म्हणजे आम्ही, समोरच्याला सोडून. मी म्हटलं, आमच्या मराठीत तरी दुसरं काय आहे? मलय आणि मराठी एका बाकावर बसल्याचा मला उगाच अभिमान वाटला. तेवढ्यात थोरलीने तोंडातल्या टाचण्या काढल्या. ती बोलायला टाचण्या काढते तेव्हा समजावं, मामला मोठा आहे.

"आमच्यात तर किती जणी तेही मोजतात," ती म्हणाली. "तू आणि मी, दोघीच असलो तर आलांग. तिघी किंवा जास्त, म्हणजे आपण सगळ्या, तर आबो. तुला सोडून आम्ही दोघी, तर आलिञ. तुला सोडून आम्ही सगळ्या, तर आले."

"कोण आले?" मी दाराकडे बघितलं.

त्यावर धाकटी इतकी हसली की तिची टीप वाकडी गेली. उसवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. पण मी ते शब्द पाठ केले. या वयात नवीन काही डोक्यात राहतं याचा आनंद वेगळाच असतो, आणि तो मी दोन-तीन गिऱ्हाइकांना ऐकवूनही घेतला.

पुढे घरमालकाला पुढची खोली हवी झाली. माणूस भला, मुदत भरपूर दिली. सुनांनी दोन गल्ल्या सोडून एक दुकान बघून पक्कं केलं. त्या दिवशी एक बाई कव्हरांची मापं द्यायला येणार होती, म्हणून मी घरी थांबले. परत आल्यावर थोरली म्हणाली, "अरुंद आहे आई, पण उजेड काय सुंदर! मोठी खिडकी आहे."

अरुंद हा शब्द माझ्या मनात रुतून बसला. माझं मशीन कुठे ठेवणार, ते कुणी बोललं नाही. मी विचारलंही नाही. विचारलं आणि "आता तुम्ही आराम करा" असं गोड उत्तर मिळालं तर? मला आराम नको होता. दुपारी दिवाणावर लोळून भिंतीकडे बघणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. मला त्या दोघींच्या मध्ये बसून, त्यांची टर उडवत, मरेपर्यंत टिपा मारायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी आत अभ्र्यांच्या घड्या घालत होते. बाहेरून धाकटीचा आवाज आला. ती हल्ली थोरलीला खूश करायला मध्येच संथाळी शब्द पेरते.

"जाऊबाई, तिकडे खिडकीपाशी आलांग बसू हं!"

"हूं," थोरली म्हणाली. तोंडात टाचण्या होत्या.

आलांग. तू आणि मी, दोघीच. ते शब्द पाठ केले नसते तर सुखात राहिले असते! माझ्या घरात, माझ्याकडून शिवण शिकून, मला वगळायला यांच्याकडे खास शब्द होता, आणि तो मलाच पाठ होता.

मी तोंड फुगवलं. जेवताना भाजी चांगली झाली होती तरी तसं म्हटलं नाही. दुपारी मशीनला तेल घातलं, चाक पुसलं आणि दुरुस्तीवाल्या मिस्त्रीला निरोप पाठवला, मशीन घेऊन जा, कुणा गरजूला द्या. तो संध्याकाळी हातगाडी घेऊन हजर झाला. एरवी चार वेळा बोलावल्याशिवाय न येणारा माणूस!

थोरलीने हातगाडी बघितली. "हे काय, आई?"

"देऊन टाकतेय. अडगळ कशाला?"

"मग खिडकीपाशी कोण बसणार?"

"बसा की तुम्ही. आलांग बसा!"

थोरलीने सावकाश तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि धाकटीकडे वळली. "तू आलांग म्हणालीस?"

"हो. आलांग. किता. आपण."

"आपण किती जणी?"

"तिघी!" धाकटीने आमच्याकडे बघितलं. "का?"

"अगं, मग आबो! आलांग म्हणजे दोघीच."

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. "आमच्या कितामध्ये किती ते नसतं हो," ती रडवेली होऊन म्हणाली. "समोरच्याला धरलं की झालं. मोजायचं मी विसरले. आई, खिडकी तर तुमच्यासाठीच बघितली! तुमच्या मातासाठी. डोळ्यांसाठी. पहिली दोन दुकानं मोठी होती, पण अंधारी होती."

"मला सांगायला काय झालं होतं?" मी डाफरले, कारण डाफरले नसते तर रडले असते.

"त्यात सांगायचं काय?" थोरली म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं. "आमची मशीनं भिंतीला, तुमचं खिडकीत. दुसरीकडे कुठे बसणार तुम्ही?"

मग मात्र मी रडलेच. मिस्त्री हातगाडीच्या दांड्याला धरून उभा होता. "न्यायचं ना मशीन?" त्याने चाचरत विचारलं.

"न्यायचंय," मी डोळे पुसत म्हटलं. "दोन गल्ल्या पलीकडे. आम्ही तिघी दुकान हलवतोय. गाडी आणलीच आहे तर रिकामी कशाला नेता?"

आता मी खिडकीत बसते. चष्मा न लावता दोरा ओवला जातो, आणि प्रत्येक वेळी मी तो सुनांना दाखवते. त्याही प्रत्येक वेळी कौतुक करतात. वळण चांगलं लागलंय. धाकटी हल्ली बोलण्याआधी बोटं मोजते आणि मगच आबो म्हणते, खणखणीत, शेजारच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल असं.

काल थोरली एका गिऱ्हाइकाकडे पडद्यांची मापं घ्यायला गेली होती. धाकटीने दोन कप चहा केला, एक माझ्या मशीनवर ठेवला आणि स्टूल ओढून माझ्याजवळ बसली.

"आई, आलांग चहा पिऊ."

मी मान वर करून दुकानभर नजर फिरवली. मोजलं. दोघीच होतो.

"बरोबर म्हणालीस," मी म्हटलं, आणि कप उचलला.