बावेचा गळ

मी गळ बोलतोय. मासे धरायचा नव्हे हो. तो आमच्यातला लबाड. मी विहिरीत पडलेली भांडी वर काढणारा, चार आकड्यांचा गळ. हातातली कळशी सुटली की माणसं आधी देवाला हाक मारायची आणि लगेच मला.

तारापूरच्या किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर एका लोहाराच्या भात्यापुढे माझा जन्म झाला. किल्ल्यात तेव्हा फिरंगी होता. लोहाराच्या देवूने, त्याच्या थोरल्या मुलाने, मला स्वतःच्या हाताने घडवलं. सगळ्या गावात मी एकटाच, त्यामुळे माझा भाव वधारलेला असायचा.

त्यातही एक गिऱ्हाईक नेमाचं, नवसी नावाचं. चार दिवस गेले की तिची कळशी बावेत पडलीच म्हणून समजा. बाव म्हणजे आमच्याकडची विहीर. "गाठ सुटली," म्हणायची. याच नवसीने बांधलेलं गुरांचं दावं कधी सुटल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. तिची गाठ फक्त कळशीच्याच गळ्यात का सुटते, हे माझ्यासारख्या लोखंडालाही कळलं. देवू तर मुद्दाम मला कळशीच्या आजूबाजूनेच फिरवत राहायचा. मी खाली थंड पाण्यात, आणि ही दोघं वर काठावर गप्पा मारतायत, असा आमचा संसार चालला होता.

मग पेशव्यांची फौज आली. गाव घरं सोडून रानाकडे निघाला. त्या दिवशी नवसीची कळशी खरोखरच पडली, आणि नेमका मी तळाच्या कपारीत अडकलो. मला सोडवायला देवू पायऱ्या उतरून पाण्यात शिरला. एवढ्यात किल्ल्याच्या तटाखाली सुरुंग उडाला. जमीन हलली. देवूने मला घट्ट धरलं. कपारीच्या पलीकडून कसला तरी दोर माझ्या आकड्यात गुंतला आणि आम्ही दोघं भराभर वर ओढले गेलो.

वर पाहतो तर काठाला सिमेंट, लोखंडी कप्पी, आणि बादलीचा दोर हातात धरून किंचाळणारी एक बाई! ती प्रेमला. वर्ष होतं एकोणीसशे चौऱ्याहत्तर.

"कोन रं तू? बावेत काय करतस?"

"नवसी कुठं हाय?" देवूने विचारलं.

"कोन नवसी?"

हे कसं झालं ते मला विचारू नका. मी लोहाराकडचा, शास्त्रीबुवांकडचा नव्हे. इतकंच समजलं, की त्या कपारीच्या अलीकडे एक काळ आहे आणि पलीकडे दुसरा. मला धरावं आणि दुसऱ्या बाजूने कोणी ओढावं, तरच वाट मिळते. देवूने मला घेऊन कितीतरी बुड्या मारल्या. गाव तेव्हा अजून रानातच होता, पलीकडून ओढणारं कोणी नव्हतं, म्हणून दरवेळी त्याचे हात नुसते दगडाला लागले.

प्रेमलाने त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवला नाही आणि त्याला वेड्यातही काढलं नाही. "आमच्या बावेतून आलास, म्हंजे आमचाच तू," म्हणाली आणि नवऱ्याचा लेंगा-सदरा त्याच्यापुढे ठेवला. पुढे बोईसरच्या एका कारखान्यात देवूला काम लागलं. लोखंडाशी त्याची जुनीच ओळख. पाळी संपली की तो बसने परत यायचा आणि मला बावेत सोडायचा. त्याचा हिशेब साधा होता: नवसी पलीकडे असली, तर कधीतरी मला धरील.

लोकांना वाटायचं, त्याला भांडी काढायचा नाद आहे. कारखान्यातले हिंदीत चिडवायचे, "क्या देवूभाई, मछली मिली?"

आणि आता जे सांगतो ते आठवलं की आजही माझा जीव तुटतो. नवसी होती. पलीकडे ती शेवटच्या पायरीवरून पाण्यात उतरून कपारीत हात घालायची आणि मला धरायची. मी ते ओळखलं. चिखलाला बोटं नसतात. पण वर देवूला दोर जड लागायचा, आणि गळाला गाळ लागला की हिसडा देऊन झाडायचा, ही आमच्या धंद्याची रीत. "गाल लय झालाय," असं गाळाला दोष देत पुटपुटत तो हिसडा द्यायचा. तिचा हात सुटायचा. मी ओरडणार कसा? आकडे चार दिले, जीभ एकही दिली नाही!

अशी वर्षं गेली. देवूचे केस पिकले. मधे प्रेमलाने वाणगावची एक मुलगी सुचवून पाहिली. "माजी हाय," तो म्हणाला. "कुठं?" असं तिने विचारल्यावर त्याने बावेकडे बोट दाखवलं. तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

मग गावात नळ आले आणि बाव बुजवायचं ठरलं. दगडमाती भरलेला डंपर काठाशी येऊन उभा राहिला. देवू हात जोडून पुढे झाला.

"येकदा सोडू द्या. येकदाच."

"जल्दी करो चाचा," ड्रायव्हर म्हणाला.

देवूने मला सोडलं. खाली तो हात आलाच. दोर जड झाला. हिसडा द्यायला देवूने मनगट उचललं आणि तसंच खाली आणलं. "आज ऱ्हाऊ दे गाल," म्हणाला, आणि दोर छातीशी धरून काठावर बसून रडायला लागला.

खाली तिचा दुसराही हात माझ्यावर पडला. खालून मला ओढ लागली. गाळ कधी ओढत नाही!

"प्रेमला, धर!" देवू ओरडला. प्रेमला धावली, ड्रायव्हर उडी टाकून आला. तिघांनी मिळून ओढलं. माझा एक आकडा पार सरळ झाला, पण मी सोडलं नाही. पाण्यातून पिकल्या केसांचं एक डोकं वर आलं.

काठावर बसून नवसीने आधी श्वास घेतला. मग देवूकडे पाहिलं.

"रोज धरते मी. धरला का हिसडा, धरला का हिसडा. मना वाटला, तुला मी नको."

देवूने मुठीतल्या दोराकडे पाहिलं. "मना गाल वाटला गं."

नवसीने त्याच्या मुठीतला दोर काढून घेतला आणि तिथे आपला हात दिला. ड्रायव्हरने, काय समजला कोण जाणे, डंपर बंद केला आणि त्या दिवशी पुन्हा चालू केला नाही.

बाव दुसऱ्या दिवशी बुजली. आता मी या दोघांच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असतो. माझ्यावर ओला पंचा वाळत असतो. सरळ झालेला आकडा वाकवून द्यायचं देवू रोज म्हणतो आणि रोज विसरतो. माझी तक्रार नाही. तुमच्याकडे फक्त एक मागणं आहे. कधी हातातला दोर जड लागला, तर लगेच हिसडू नका. थोडा वेळ तसाच धरून बसा.